मागच्या मास्तरांचं मऊ डिफरन्शियल

गाडीच्या पुढच्या निम्म्या भागाशी मागच्या मास्तरांचा संबंध ओळख दाखवण्यापुरताच. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग ही त्यांच्या लेखी दिव्यांच्या उजेडात मिरवणारी मंडळी. मास्तरांचा जीव जडला होता तो मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोंबणाऱ्या, जन्मभर चिखल खाणाऱ्या लोखंडी भोपळ्यावर. त्याच्या पोटात काय असतं हे गाडी वापरणाऱ्याला सहसा कळत नाही, आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी काहीतरी मोडलेलं असतं. रॅलीत धावणाऱ्या गाड्यांचा हा भोपळा उघडायचा, आतले दात बदलायचे आणि पुन्हा बंद करायचा, एवढंच मास्तर करायचे. म्हणून ते मागचे मास्तर.

कुणी नवखा दारात येऊन "मास्तर आहेत का?" म्हणाला, की शेजारचा रंगारी ओरडायचा, "मागे आहेत! कायम मागेच असतात!" आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसायचा की हातातली फवाऱ्याची बंदूक थरथरायची. मास्तरांनी हा विनोद वर्षानुवर्षं ऐकला आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसले. समोरच्याचा हिरमोड करायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. पुढे जे झालं ते या स्वभावापायीच झालं.

वर्कशॉप म्हणजे घराला लागून असलेली एक लांबट खोली. एका भिंतीवर खिळ्यांना क्राऊन टांगलेले. क्राऊन म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी दातेरी चकती. प्रत्येक क्राऊनच्या पायाशी, फळीवर, त्याचा जोडीदार पिनियन. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होते, एकाचा पिनियन दुसऱ्याला चालत नाही. मास्तर म्हणायचे, "ही लग्नं लावून आलेली आहेत, आपण मोडायची नाहीत." ते दातांना रंग लावत, चाक सावकाश फिरवत आणि दुसऱ्या दातावर रंगाचा छाप कुठे उमटला ते चष्मा कपाळावर चढवून बघत. छाप दाताच्या मधोमध आला की चेहरा असा उजळायचा, की जणू समोर भरगच्च थिएटर उठून उभं राहिलंय.

आता त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, म्हणजे त्यांनी काय केलं ते कळेल.

पहिली गोष्ट रेशो. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो रेशो. पाच ठेवला तर गाडी चढावर बोकडासारखी उसळते, पण सपाटीला लवकर धापा टाकते. साडेचार किंवा त्याहून खाली आणला तर सपाटीला मोकळी धावते, चढावर मात्र कुंथते.

दुसरी गोष्ट डिफरन्शियल. साध्या गाडीचं डिफरन्शियल भोळ्या बापासारखं असतं. दोन पोरांपैकी जो घसरतो, उधळतो, त्यालाच सगळं देऊन मोकळं होतं. जमिनीवर पाय रोवून उभा असलेला दुसरा उपाशी. खडीच्या रस्त्यावर असलं लाडावणं परवडत नाही. म्हणून रॅलीच्या गाडीत लिमिटेड-स्लिप बसवतात. तिच्या पोटात प्लेटांची चवड असते. प्लेटा एकमेकींना दाबून धरतात आणि दोन्ही चाकांना बरोबरीने ओढायला लावतात. चवड कडक बांधली तर दोन्ही चाकं एकाच लाकडात ठोकल्यासारखी. अशी गाडी वळायला कुरकुरते, तिला स्टिअरिंगचा हिसका देऊन, खांद्याचा जोर लावून वळणात फेकावं लागतं. मऊ बांधली तर गाडी दोन बोटांनी वळते; पण वळणातून बाहेर पडताना आतलं चाक जागच्या जागी भिरभिरतं आणि जोर वाया जातो.

आणि खांदा हीच तर पंचाईत होती.

मास्तरांचा भाऊ रॅली चालवायचा. कानशिलं पांढरी झाली तरी घरात आणि मैदानात सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो कधी पहिला आला नाही, पण रांगेतल्या मधल्या माणसांत त्याचा मान होता. गाडी आडवी करून वळणात अशी फेकायचा की बघणाऱ्यांच्या हातातला चहा निवायचा. गेल्या हंगामात एका उतारावर गाडी उलटली. गाडी सरळ झाली, उजवा खांदा झाला नाही. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालताना आधी उजवी बाही, मग उरलेलं अंग, असा त्याने नवा क्रम लावून घेतला होता. वरच्या फळीवरची बरणी काढायची वेळ आली की म्हणायचा, "वहिनी, तुम्हीच काढा. मला उंचीची भीती वाटते."

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, बरणी काढायची आणि नवऱ्याकडे बघायची. मास्तर त्या वेळी नेमके ताटात बघत असायचे.

हात गळ्यात बांधलेला होता तेव्हा धाकटा रोज वर्कशॉपमध्ये यायचा आणि उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर बसून राहायचा. बोलायचा नाही. ज्याच्या बडबडीला कंटाळून लोक उठून जायचे, तो माणूस समोरच्या भिंतीवरचे क्राऊन बघत बसलेला. मग एक दिवस पोपट आला. पोपट म्हणजे धाकट्याचा नॅव्हिगेटर. शेजारच्या सीटवर बसून पुढचं वळण कसलं, किती तीव्र, ते टिपणातून न थकता वाचून दाखवायचा, म्हणून पोपट. त्याने पुढच्या रॅलीचा मार्ग ठरल्याची बातमी आणली आणि धाकटा हसला. इतक्या आठवड्यांनी हसला. त्या हसण्यावर पाय ठेवण्याची ताकद मास्तरांच्यात नव्हती.

"दादा," धाकटा दुपारी जेवताना म्हणाला, "या वेळी मला लाकूड पाहिजे. एकदम कडक. चढाचा मार्ग आहे, खडी सगळी सुटी. मागची चाकं जरासुद्धा वेगळी झालेली चालणार नाहीत."

"बघू."

"बघू काय? माझी स्टाइल तुला माहीत आहे. मऊ गाडी म्हणजे मला ओला टॉवेल चालवल्यासारखं वाटतं."

"भाऊजी, आणि हात?" वहिनीने विचारलं.

"हात मस्त आहे, वहिनी. बघा!" असं म्हणून त्याने हात वर केला, जिथपर्यंत जात होता तिथपर्यंत, आणि तिथे नेऊन माशी मारल्यासारखं केलं. कुणीच हसलं नाही.

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "अहो, सांगा त्यांना. कडक गाडी नाही झेपायची आता. एखाद्या वळणावर खांद्याने दगा दिला तर?"

"सांगेन."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

"तुमची योग्य वेळ आपल्या लग्नातसुद्धा आली नव्हती. माझ्या काकांनी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. ती होकाराची होती की डास हाकलायला, ते मला अजून कळलेलं नाही."

मास्तर हसले. पण त्यांना डोळ्यांसमोर वळण दिसत होतं. डावीकडे डोंगर, उजवीकडे काही नाही. हिसका द्यायच्या क्षणी खांदा सुटतो, स्टिअरिंग हातातून निसटतं, आणि कडक बांधलेली गाडी जशी सरळ जायची तशी सरळ जाते. आणि ती कडक बांधलेली कुणी? दादाने.

तोंडाने सांगवेना, म्हणून मास्तरांनी हाताने सांगायचं ठरवलं. डिफरन्शियल मऊ बांधायचं आणि कडक म्हणून द्यायचं.

पण एक अडचण होती. दोघा भावांचा जुना रिवाज होता. गाडी रॅलीला निघण्याआधी मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच ठेवायचं आणि उचललेल्या चाकाला लांब पहार लावून धाकट्याने ते स्वतः फिरवून बघायचं. जितका जोर लागेल तितकं डिफरन्शियल कडक. इथे फसवायचं कसं? मास्तरांना वाट सापडली, आणि ती सापडली याचंच त्यांना वाईट वाटलं. प्लेटांना दोन गोष्टी दाबतात. एक म्हणजे आतल्या स्प्रिंगा, त्या सदासर्वदा. दुसरी म्हणजे आतल्या उतरत्या खाचा, ज्या गाडीला रेस दिल्यावरच प्लेटांवर चढून बसतात. हाताने चाक फिरवलं तर फक्त स्प्रिंगा कळतात. खाचांचा स्वभाव गाडी धावल्याशिवाय कळत नाही. मास्तरांनी नव्या कोऱ्या, ताठ स्प्रिंगा घातल्या, ज्या थोडं अंतर गेल्यावर सैल पडणारच होत्या. आणि खाचा निवडल्या त्या अगदी सौम्य, म्हाताऱ्या माणसाने जिना उतरावा तशा.

तरीही धास्ती वाटत होती. धाकटा जन्मभर यांच्याच हाताखाली वाढलेला; त्याने जास्त प्रश्न विचारले तर मास्तरांचा चेहरा कबूल करून मोकळा होईल. म्हणून त्यांनी त्याचं लक्ष दुसरीकडे वळवलं. रेशोवरून भांडण काढलं.

"पाच नाही मिळणार," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर. "साडेचार. शेवटच्या टप्प्यात सपाटी आहे. तिथे काय गाडीतून उतरून ढकलणार आहेस?"

"अरे पण सगळा मार्ग चढाचा आहे! एका सपाटीसाठी दहा चढांवर रडत जाऊ?"

"इंजिन फाटेल."

"फाटू दे, इंजिन तुझं नाही! तू मागचा!"

शेजारचा रंगारी बंदूक बंद करून ऐकायला आला. इतकं रंगलेलं भांडण त्या खोलीत कधी झालं नव्हतं. मास्तरांनी पाना आपटला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि शेवटी दोन्ही हात वर करून हरले. "घे बाबा पाच! तुझ्या मनासारखं होऊ दे." धाकटा खूश झाला. जिंकलेला माणूस फारसे प्रश्न विचारत नाही. डिफरन्शियलबद्दल त्याने एवढंच विचारलं, "आणि लाकूड?"

"लाकूड," मास्तर म्हणाले.

पहार लावून बघितली तेव्हा धाकट्याने उजव्या हाताने जोर लावला, ओठ घट्ट मिटले, आणि मग काहीच झालं नाही असं दाखवत डाव्या हाताने पहार धरली. चाक करकरत हललं. "वा, दादा!" तो म्हणाला. कपाळावर घाम होता. मास्तर वाकून जॅक सोडायला लागले, कारण वर बघवत नव्हतं.

रॅलीच्या दिवशी ते सर्व्हिसच्या मैदानात ताडपत्री अंथरून बसले. टप्पा संपवून गाड्या इथे यायच्या, थोडा वेळ थांबायच्या, ठोकठाक करून पुन्हा सुटायच्या. वेळ संपली की पाना हातात असेल तर तसाच खाली ठेवायचा. एवढ्या वेळात ब्रेक बदलता येतात, चाक बदलता येतं. मागचा भोपळा उघडून आतली चवड बदलणं शक्य नाही. म्हणजे एकदा गाडी सुटली की मास्तरांच्या हातात काही उरायचं नाही. बाकीचे मेकॅनिक धावपळ करायचे. हे आपले हात पुसत बसायचे. हात स्वच्छ असले तरी पुसायचे.

धाकट्याची गाडी आली ती नेहमीच्या तोऱ्यात नाही. उजव्या अंगाला मातीचा लांबच लांब ओरखडा होता. पोपट खाली उतरला आणि काही न बोलता गाडीला टेकून उभा राहिला. बोलत नसलेला पोपट मास्तरांनी पहिल्यांदाच बघितला.

"दादा, डिफ मेलं," धाकटा म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "चढावरच्या डाव्या वळणात मी तिला फेकली, नेहमीसारखी, मागून दोन्ही चाकं ढकलतील म्हणून. आतलं चाक नुसतं भिरभिरलं. गाडी ढकललीच जाईना. आडवी झाली आणि तशीच कडेकडे घसरत गेली. मैलाच्या दगडाला अडकली म्हणून इथे उभे आहोत. प्लेटा जळल्या असणार."

प्लेटा जळल्या नव्हत्या. मास्तरांना ऐकता ऐकताच सगळं समजलं. माणसाला कडक गाडी आहे असं सांगितलं, तर तो कडक गाडीसारखीच चालवणार. आणि त्यावर तो पाचाचा रेशो! तो चाकाकडे जाणारा जोर वाढवतो. सौम्य खाचांना तो जोर धरवला नाही, आतलं चाक दुप्पट भिरभिरलं. साडेचार असता तर कदाचित निभावलं असतं. भांडण नाटकी होतं, पण त्यातली हार खरी होती. पाचाचे दात खरोखरच गाडीत गेले होते.

भोवती माणसं जमली. दुसऱ्या गाडीचा एक मेकॅनिक म्हणाला, "मास्तरांचं डिफ पहिल्याच टप्प्यात गेलं?" आता सांगायचं तर हीच वेळ. पण या गर्दीत सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाबांनो, माझा भाऊ आता अधू आहे, म्हणून मी त्याला खेळण्यातली गाडी दिली?

"असेल," मास्तर म्हणाले. "माझ्याच बांधणीत चूक झाली असेल."

धाकट्याने मान खाली घातली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "होतं कधीकधी. माझ्या दादाच्या हातून आजवर एक गेलं नाही, एक जाऊ दे की!"

"नको जाऊस पुढे," मास्तर हळूच म्हणाले. "इथेच थांबव."

"आता हळू नेतो. चाक भिरभिरतं हे माहीत आहे ना आता, मग काय भीती?" आणि वेळ संपल्याचा इशारा झाला तसा तो सुटला.

उरलेला दिवस मास्तरांनी कसा काढला ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. कुणीतरी चहा दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला. प्रत्येक येणाऱ्या गाडीच्या आवाजाकडे कान, आणि प्रत्येक आवाज दुसऱ्याच कुणाचा. गाडी शेवटी आली. बहुतेक सगळ्यांच्या मागून, पण चारही चाकांवर. धाकटा उतरला आणि आश्चर्याने स्वतःच्या खांद्याकडे बघत म्हणाला, "गंमत बघ दादा, आज हाताला काही म्हणजे काही त्रास झाला नाही. एवढी हळू चालवली ना!"

पोपटाने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी गाडीकडे बघितलं.

घरी आल्यावर मास्तरांनी भोपळा उघडला. प्लेटा आरशासारख्या. एकीवरसुद्धा जळल्याचा डाग नाही. ते त्या पुसून कापडावर मांडत होते तेवढ्यात धाकटा आला. तो दारात थोडा घुटमळला, म्हणजे काहीतरी ठरवून आला होता.

"दादा, रागावणार नाहीस ना? पुढच्या वेळेला डिफ मी त्या नव्या वर्कशॉपला द्यावं म्हणतो. पोरं तरुण आहेत, डोळे तेज आहेत. तू खूप केलंस रे. किती वर्षं त्या दातांवर डोळे फोडत बसणार?"

किती मायेने बोलत होता! मास्तरांनी त्याला इतके दिवस जसं सांभाळलं, हुबेहूब तसंच तो आता त्यांना सांभाळत होता. दुखू नये म्हणून शब्द कापसात गुंडाळून.

"ते कसं बांधणार?" मास्तरांनी विचारलं.

"सांगितलंय त्यांना. लाकूड. याहून कडक."

मग मात्र मास्तर उठले. त्यांनी एक प्लेट उचलली, उजेडात धरली आणि जन्मात पहिल्यांदा समोरच्याच्या तोंडावर नको असलेली गोष्ट बोलून टाकली. "हे बघ. जळलेलं काही नाही. मी चुकलो नव्हतो. मीच मऊ बांधलं होतं, मुद्दाम. तुझ्या खांद्यासाठी. कडक गाडी तुझ्याने आता धरवणार नाही. हात दुखला नाही तो हळू चालवलीस म्हणून नाही, गाडी मऊ होती म्हणून."

धाकटा ऐकत राहिला. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग काहीतरी भरून आल्यासारखं. त्याने पुढे येऊन मास्तरांच्या हातातली प्लेट काढून घेतली आणि न बघताच कापडावर ठेवली.

"दादा, पुरे. तुझी चूक झाली म्हणून माझ्या मनात काही नाही रे. त्यासाठी इतकं खोटं बोलायची काय गरज आहे?"

"खोटं? अरे, खाचा बघ! या खाचा..."

"मी पहार लावून बघितलं होतं ना? केवढं कडक होतं. घाम फुटला मला."

"त्या स्प्रिंगा होत्या! नव्या घातल्या होत्या, तुला फसवायला..."

"तू? मला?" धाकटा हसला. "तुला रंगाऱ्याला विनोद जुना झाला म्हणून सांगता येत नाही, तू मला फसवणार? आणि मैदानात सगळ्यांसमोर तूच म्हणालास, माझ्या बांधणीत चूक झाली. दादा, खांद्याचं निमित्त करू नकोस. तेवढं नको."

शेवटच्या वाक्यात आवाज जरा चिरला. मास्तरांनी कापडावरची प्लेट सरळ केली. अजून बोललो तर हा उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही, हे त्यांना दिसलं. आणि न बोललो तर येत राहील, जेवेल, हसेल, आणि एक दिवस लाकूड घेऊन चढावर जाईल.

धाकट्याने मास्तरांच्या पाठीवर डावा हात ठेवला. "बरं, हे सांग. रेशो किती ठेवायला सांगू त्यांना? त्यात तुझाच शब्द. या खेपेला भांडणार नाही."

मास्तरांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्या रस्त्यावरून गाडी नेली, प्रत्येक वळणावर, त्या खांद्यासकट. जितका रेशो खाली, तितका धक्का कमी. थोडासाच कमी.

"साडेचार," ते म्हणाले.

"साडेचार तर साडेचार," धाकटा म्हणाला आणि निघाला. बाहेर रंगाऱ्याशी काहीतरी बोलून दोघेही मोठ्याने हसले.

वहिनी आतून आली. कापडावर मांडलेल्या प्लेटा, आणि त्यांच्यापुढे उभे राहिलेले मास्तर. "अहो, सांगितलंत का?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग काय म्हणाले?"

मास्तरांनी हात पुसले.

"साडेचार ठेवतोय," ते म्हणाले.